जर्मन भाषा का शिकावी? अनुभव आणि मते हवी आहेत

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी. माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. वर्षभरापासून आमच्या तालुक्याच्या ठिकाणी ‘जर्मन शिका, जर्मनीत नोकरी मिळवा’ असे फलक दिसू लागले आहेत. गेल्या महिन्यात एका मध्यस्थाने घरी येऊन सहा महिन्यांत भाषा आणि नवव्या महिन्यात विमान अशी हमी दिली आणि त्यासाठी दीड लाख रुपये आगाऊ मागितले. मी त्यांना चहा दिला आणि विचार करून कळवतो म्हणून सांगितले.

मी स्वतः सव्वीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. नोकरी हे भाषा शिकण्याचे कारण असू शकते, त्यात मला काही गैर वाटत नाही. परंतु केवळ तेवढ्या एका कारणावर दोन वर्षांचा अभ्यास निभावतो का, ही मला शंका आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आहे आणि तिचे इंग्रजी कामापुरते आहे. तिला जर्मन झेपेल का? आणि नोकरीच्या पलीकडे ही भाषा शिकण्याची आपल्या माणसांना आणखी कोणती कारणे आहेत? ज्यांनी स्वतः शिकली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

औदुंबर | सोमवार, सकाळी ९.१५

सर, पैसे दिले नाहीत हे फार चांगले केलेत. बाकी जाणकार लिहितीलच. वाचत आहे.

घाटमाथा | सोमवार, सकाळी ११.०५

मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रभागांच्या गुणवत्ता तपासणीचे काम करतो. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये येथे सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे सुटे भाग पुरवणारे अनेक जर्मन उद्योग पुणे परिसरात स्थिरावले. त्यांचा दैनंदिन व्यवहार इंग्रजीत चालतो, हे खरे आहे. मात्र जुने आराखडे आणि यंत्रांची मूळ माहितीपत्रके अजूनही जर्मनमध्येच येतात, आणि ग्राहकाला काय हवे आहे ते सांगणारे ‘लास्टनहेफ्ट’ हे दस्तऐवजही बरेचदा जर्मनमध्येच असते.

माझ्या जर्मनची सुरुवात एका नाकारल्या गेलेल्या मालामुळे झाली. आराखड्याच्या कोपऱ्यात दोन शब्द होते, ‘शार्फकांटिश, ग्राटफ्राय’. पहिल्याचा अर्थ कडा धारदार राहिली पाहिजे, म्हणजे ती गोल करू नये. दुसऱ्याचा अर्थ त्या कडेवर बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक कूस, राहता कामा नये. आमच्याकडे आलेल्या भाषांतरात फक्त ‘धारदार कडा’ एवढेच उतरले होते. कामगारांनी सांगितल्याप्रमाणे कडा धारदार ठेवली आणि बरही तशीच राहिली. बोट फिरवले की ती जाणवत होती, पण ती काढायची आहे हे कागदावर कोणी वाचलेलेच नव्हते. संपूर्ण खेप परत आली. त्याच आठवड्यात मी संध्याकाळच्या वर्गात नाव घातले आणि आज बी-१ पातळीवर, म्हणजे ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवर आहे. मला जर्मनीत जायचे नाही. माझे काम मला नीट करायचे आहे आणि माझ्यापुरते हे कारण पुरेसे आहे.

कासवगती | सोमवार, दुपारी १२.३०

येथे वेगळे मत मांडतो, राग नसावा. मी बर्लिनमध्ये संगणक क्षेत्रात चार वर्षे काम केले. कार्यालयात बैठका, पत्रव्यवहार, सगळे इंग्रजीत होते. दुकानात भ्रमणध्वनीवरचे भाषांतर पुरत असे. जर्मन शिकायला लागलेली दोन वर्षे मी माझ्या विषयात घातली असती तर अधिक लाभ झाला असता, असे मला आजही वाटते. शिवाय भाषांतराची साधने दरवर्षी सुधारत आहेत. तरुणांनी आधी इंग्रजी पक्के करावे आणि दुसरी भाषा शिकायचीच असेल तर जपानीचाही विचार करावा. जर्मन शिकू नका असे माझे म्हणणे नाही. पण ‘शिकलीच पाहिजे’ हे मला पटत नाही.

रानवारा | सोमवार, दुपारी १.५०

@कासवगती, आपला अनुभव बर्लिनमधल्या संगणक क्षेत्रापुरता बरोबर आहे. मी दुसरी बाजू सांगतो. मी यंत्र अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीत आलो. अभ्यासक्रम पूर्णपणे इंग्रजीत होता आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांप्रमाणे शिकवणी शुल्कही नव्हते. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात. शुल्क नसले तरी वर्षाच्या खर्चाची रक्कम, म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो, आधीच ‘श्पेरकोंटो’त, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावी लागते, हे येऊ इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पदवी इंग्रजीत मिळाली. नोकरी शोधायला लागलो तेव्हा खरी परिस्थिती समजली. येथील उद्योगाचा कणा म्हणजे लहान गावांमधले मध्यम आकाराचे, बहुधा एकाच कुटुंबाच्या मालकीचे कारखाने. तेथे मुलाखत जर्मनमध्ये होते, कारण ज्या कामगारांबरोबर तुम्हाला उभे राहायचे असते ते जर्मनच बोलतात. माझ्याबरोबर शिकलेल्या आणि माझ्याहून हुशार असलेल्या दोन मित्रांना केवळ भाषेमुळे वर्षभर थांबावे लागले. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा गट आज जर्मनीत सर्वांत मोठा आहे, त्यामुळे इंग्रजीवर निभावणाऱ्यांची स्पर्धाही आपसांतच आहे.

निशिगंध | सोमवार, दुपारी ४.२०

मी पुण्यात एकोणीस वर्षे जर्मन शिकवते. कृष्णाकाठ सरांच्या ‘झेपेल का’ या प्रश्नाचे उत्तर मला द्यावेसे वाटते, कारण हा प्रश्न मला दर जून महिन्यात कोणी ना कोणी विचारते आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा इंग्रजी कच्चे असल्याची खंत असते.

सर, जर्मन शिकताना मराठी हे तुमच्या मुलीचे मोठे बळ आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, देअर, दी आणि दास. हिंदी भाषक विद्यार्थी तिसऱ्या लिंगापाशी अडखळतो, कारण त्याच्या भाषेत दोनच लिंगे उरली आहेत. मराठी मुलाला तो, ती, ते हे आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. निर्जीव वस्तूला लिंग का असावे, असा प्रश्न त्याला पडतच नाही. अर्थात लिंगे जुळतात असे नाही. आपला चमचा आणि काटा पुल्लिंगी, सुरी स्त्रीलिंगी. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी चक्क नपुंसकलिंगी आहे. म्हणून मी पहिल्या दिवसापासून शब्द त्याच्या देअर-दी-दाससकट पाठ करायला लावते. एक गंमत मात्र विद्यार्थ्यांना फार आवडते. शब्दाला ‘-शन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की जर्मनमध्ये तो नपुंसकलिंगी होतो, आणि त्यामुळे ‘मेडशन’ म्हणजे मुलगी हा शब्दसुद्धा नपुंसकलिंगी आहे. इंग्रजी माध्यमातली मुले यावर हसतात. मी त्यांना विचारते, आपले लेकरू, कोकरू, वासरू कोणत्या लिंगाचे? मग वर्ग शांत होतो.

विभक्तीचेही तसेच आहे. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत. ज्याने शाळेत प्रथमा ते संबोधन घोकले आहे त्याला चारांचे भय वाटण्याचे कारण नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, ते तर आपल्या नेहमीच्या वाक्यासारखेच झाले. ‘झी’ आणि ‘दू’ यांतला फरक समजावताना मला ‘आपण’ आणि ‘तू’ एवढेच सांगावे लागते. उच्चारांत ‘त्सिमर’, म्हणजे खोली, या शब्दाचा पहिला वर्ण आपल्या ‘चमचा’तल्या च सारखा आहे. कठीण म्हणाल तर ‘यू’ आणि ‘यो’ यांच्या जवळपास जाणारे, ओठ गोल करून उच्चारायचे दोन स्वर आहेत आणि वाक्यात दोन तुकडे होऊन पडणारी क्रियापदे आहेत. पहिला तुकडा सुरुवातीला आणि दुसरा अगदी शेवटी, त्यामुळे समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत ऐकून घ्यावेच लागते.

वेळेबद्दल स्पष्ट लिहिते. शून्यापासून बी-२ पर्यंत जायला नियमित अभ्यास करणाऱ्यालासुद्धा दीड ते दोन वर्षे लागतात. सर्व वेळ फक्त भाषेला देणारे विद्यार्थी वर्षभरात पोहोचल्याचे मी पाहिले आहे. सहा महिन्यांची हमी देणाऱ्या माणसाने स्वतः ही भाषा शिकलेली नसते.

औदुंबर | सोमवार, दुपारी ४.४५

निशिगंधताई, लेकरू-कोकरूचा दाखला लाखमोलाचा आहे. पन्नास वर्षे मराठी बोलत असूनही हे कधी लक्षात आले नव्हते.

नेकारकाठ | सोमवार, रात्री ११.१०

कृष्णाकाठ काका, आपल्या दोघांच्याही नावात नदी आहे म्हणून आधी विशेष नमस्कार. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, मराठी माध्यमातलीच, आणि सहा वर्षांपासून स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. आताच ड्यूटीवरून आले आहे, तरीही आजच लिहिते, कारण हा प्रश्न एके काळी माझ्या बाबांचा होता.

कासवगती दादांनी भाषांतराच्या साधनांचा उल्लेख केला म्हणून एक प्रसंग सांगते. माझे पहिलेच वर्ष होते. एक्याऐंशी वर्षांच्या एक आजी जेवणानंतर पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, ‘श्वेस्टर, मिअर इस्ट झो कोमिश.’ ‘कोमिश’ या शब्दाचा शब्दकोशातला पहिला अर्थ विनोदी किंवा गमतीदार असा आहे. साधनाला विचारले असते तर आजींना काहीतरी गंमत वाटत आहे असे उत्तर मिळण्याचा संभव होता. पण वाक्याची सुरुवात ‘मिअर’ने होती, म्हणजे ‘मला’ने, आणि माझ्या डोक्यात ते वाक्य आपोआप मराठीत उभे राहिले, ‘मला कसंतरीच होतंय.’ आपल्या घरातली म्हातारी माणसे नेमके हेच म्हणतात आणि त्यानंतर काय करायचे असते ते आपल्याला ठाऊक असते. मी आजींना आडवे केले, पाय उशीवर घेतले, रक्तदाब मोजला. वरचा आकडा ८४ होता. डॉक्टर आले, सलाईन लागले आणि संध्याकाळी आजी पुन्हा उठून बसल्या.

काका, रुग्णाची बहुतेक तक्रार या भाषेत ‘मला’नेच सुरू होते. मला थंडी वाजते, ‘मिअर इस्ट काल्ट’. मला मळमळते, ‘मिअर इस्ट यूबल’. मला चक्कर येते, ‘मिअर इस्ट श्विंडलिश’. इंग्रजीतून विचार करणारे येथे ‘मी थंड आहे’ असे म्हणून बसतात आणि त्याचा अर्थ भलताच होतो. आपण मराठीतून विचार केला तर बरोबर पोहोचतो. मी इंग्रजीमार्गे शिकत होते तोवर सारखी अडखळत होते. थेट मराठीतून शिकायला लागले आणि वर्षभराची गाठ सुटली.

आता व्यवहाराचे. परिचारिकेच्या पदवीला येथे सरकारी मान्यता घ्यावी लागते, तिला ‘आनएरकेनुंग’ म्हणतात. त्यासाठी साधारणपणे बी-२ पातळी लागते. कागदपत्रांच्या तपासणीत अभ्यासक्रमातला फरक निघाला तर एक तर अनुकूलन अभ्यासक्रम करावा लागतो किंवा ज्ञानपरीक्षा द्यावी लागते, आणि तोपर्यंत सहायक म्हणून कमी पगारावर काम करावे लागते. हा काळ मनाला जड जातो, कारण आपण पदवीधर असूनही औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा नसतो. भाषा जेवढी पक्की तेवढा हा काळ लहान होतो.

आणि मध्यस्थाला पैसे देऊ नका. परदेशातून परिचारिका आणण्यासाठी जर्मनीत ‘फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलान्ड’ हे सरकारी गुणचिन्ह आहे. त्याचे तत्त्व असे आहे की भरतीचा खर्च परिचारिकेने नव्हे तर नोकरी देणाऱ्याने करायचा. माझ्या बरोबरीच्या एका मुलीने भारतात असताना एका मध्यस्थाच्या करारावर न वाचता सही केली होती. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास सगळा खर्च परत करावा लागेल, असे त्यात जर्मनमध्ये लिहिलेले होते. तिला ते येथे आल्यावर, भाषा आल्यावर कळले.

मोगरा | मंगळवार, सकाळी ७.३०

नेकारकाठ, ‘कसंतरीच होतंय’ वाचून डोळे भरून आले. मी म्युनिकला नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. त्याच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना, असल्यामुळे मला भाषेच्या परीक्षेची अट नव्हती आणि ती नव्हती म्हणून मी शिकले नाही. तीन वर्षे मी प्रत्येक पत्र नवऱ्याच्या हातात देत राहिले. एके दिवशी एक पिवळे पाकीट आले. येथे सरकारी पत्र पिवळ्या पाकिटातून आले की ते कोणत्या तारखेला पोहोचले हे टपालवाला त्याच्यावरच लिहितो आणि उत्तराची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. बहुतेक सरकारी निर्णयांना हरकत घ्यायला एक महिना मिळतो. नवरा दौऱ्यावर होता आणि मी ते पाकीट इतर पत्रांबरोबर खणात ठेवले. मुदत गेली. रक्कम मोठी नव्हती, पण आपल्याच घरात आलेले पत्र आपल्याला वाचता येऊ नये याची जी बोच लागली ती मी विसरू शकत नाही.

आज मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला मी एकटी जाते आणि प्रश्न विचारते. जी स्त्री विवाहानंतर या देशात येणार आहे तिने अट असो वा नसो, निघण्यापूर्वी किमान ए-२ करावे, असे मी कळकळीने सांगेन. नवऱ्यावर विश्वास असतोच, पण स्वतःचे कागद स्वतः वाचता येणे ही वेगळी गोष्ट आहे.

कासवगती | मंगळवार, सकाळी ९.००

नेकारकाठ आणि मोगरा, आपल्या दोघींचे प्रतिसाद वाचले. ‘साधन पुरते’ हे माझे विधान मी मागे घेतो. संगणकाच्या पडद्याशी काम आणि आजारी माणसाशी काम यांत मी फरक केला नव्हता. तरीही ज्यांना जर्मनीशी काही कर्तव्य नाही त्यांनी ही भाषा का शिकावी, हा माझा प्रश्न राहतोच. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मन की संस्कृत असा मोठा वाद झाला आणि जर्मन काढून संस्कृत ठेवण्यात आले. मला तो निर्णय त्या वेळी योग्य वाटला होता.

शब्दवेडी | मंगळवार, सकाळी ११.४०

@कासवगती, मी संस्कृतची विद्यार्थिनी आहे आणि जर्मन शिकण्यास मला संस्कृतनेच भाग पाडले. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत ‘जर्मन येते का’ असे विचारले होते. त्याचे कारण उघड आहे. ब्योटलिंक आणि रोट यांचा संस्कृत-जर्मन महाकोश १८५५ ते १८७५ या काळात सात खंडांत सेंट पीटर्सबर्ग येथे प्रसिद्ध झाला आणि वैदिक शब्दांसाठी अभ्यासक आजही तो उघडतात. माक्स म्युलर हे नाव सर्वांना माहीत असते. परंतु आपल्या पुण्या-मुंबईचा संबंध याहून जवळचा आहे. फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते आणि गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात. उलट दिशेने आपली माणसेही तिकडे गेली. भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. स. सुखठणकर हे बर्लिनमध्ये शिकलेले होते, आणि हस्तलिखितांची वंशावळ लावून मूळ पाठापर्यंत जाण्याची जी शिस्त त्या आवृत्तीत दिसते ती त्यांनी तेथून आणली. इरावती कर्वे यांनी मानववंशशास्त्रातील डॉक्टरेट बर्लिनलाच मिळवली.

आणि विषय केवळ संस्कृतचा नाही. हायडेलबर्गच्या विद्यापीठातले ग्युन्टर सोन्थायमर यांनी धनगरांबरोबर रानोमाळ हिंडून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या आपल्या देवांवर जो ग्रंथ लिहिला तो १९७६ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीत तो येईपर्यंत १९८९ साल उजाडले. म्हणजे मधली तेरा वर्षे, आपल्या माणदेशातल्या देवांविषयीचे ते संशोधन वाचायचे तर जर्मन येणे आवश्यक होते. संस्कृत की जर्मन असा प्रश्न माझ्यापुढे कधीच उभा राहिला नाही. वेदांमध्ये उपसर्ग क्रियापदापासून सुटून दूर जाऊन पडतो हे मला सूत्रे पाठ करूनही नीट उमगले नव्हते. निशिगंधताईंनी सांगितलेली ती दोन तुकड्यांची क्रियापदे शिकले तेव्हा ते उमगले.

आता माझा आवडता विषय, संख्या. जर्मनमध्ये एकवीसला ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’ म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. सगळे जग या उलट्या क्रमाला नावे ठेवते. आपले एकवीस, बेचाळीस, पंचावन्न याच क्रमाचे आहेत. आधी एकक, मग दशक. घड्याळ तर त्याहून सुंदर आहे. अडीच वाजले असतील तर जर्मन माणूस ‘हाल्ब द्राय’ म्हणतो, म्हणजे ‘अर्धे तीन’. विचित्र वाटते ना? परंतु आपला ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ यातून आलेला आहे, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असा. दोन्ही भाषांनी एकच हिशेब केला आहे. दीडसाठी जर्मन शब्द आहे ‘आन्डर्टहाल्ब’, म्हणजे दुसरा अर्धा, आणि आपला दीडही ‘द्व्यर्ध’पासूनच आला. आपण मात्र अडीचच्या पुढे ‘साडे’कडे वळलो आणि जर्मन लोक घड्याळापुरते त्याच जुन्या वाटेने चालत राहिले.

नेकारकाठ | मंगळवार, दुपारी १.१५

शब्दवेडी ताई, याला माझ्या वॉर्डातली साक्ष देते. आमच्या भागात पावणेतीनला ‘द्रायफियर्टल द्राय’ म्हणतात, शब्दशः ‘पाऊण तीन’. उत्तर जर्मनीत असे म्हणत नाहीत, तेथे ‘तीनला पाव कमी’ असे म्हणतात. रात्रपाळीला एका आजोबांनी सांगितले की वेदनेची गोळी त्यांनी ‘द्रायफियर्टल द्राय’ला घेतली. हांबुर्गहून नव्याने आलेली माझी सहकारी बुचकळ्यात पडली. मी नोंदवहीत २.४५ लिहून मोकळी झाले. ती मला विचारत होती की भारतीय असून तुला हे कसे कळले.

एकक-दशकाचा क्रम तर आमच्या कामात फार महत्त्वाचा आहे. पाळी बदलताना जी ‘यूबरगाबे’ होते तिच्यात नाडी, दाब, मात्रा हे सारे आकडे भराभर तोंडी सांगितले जातात. इंग्रजीतून ऐकणारे २४ च्या जागी ४२ लिहून बसतात. ‘त्स्वाय-उंड-फियर्त्सिश’ ऐकले की मी मनात सरळ ‘बेचाळीस’ म्हणते.

घाटमाथा | मंगळवार, दुपारी १.४०

नकारार्थी प्रश्नाला होकारार्थी उत्तर देताना जर्मन माणूस ‘दोख’ म्हणतो, त्याचाही आपल्याकडे जोडीदार आहे. ‘जेवला नाहीस का?’ ‘जेवलो की!’ त्यातला ‘की’ म्हणजेच ‘दोख’. इंग्रजीत त्याला शब्दच नाही.

निशिगंध | मंगळवार, दुपारी ३.००

@घाटमाथा, हे उदाहरण उद्याच्या वर्गात वापरते, धन्यवाद.

@कासवगती, केंद्रीय विद्यालयांच्या त्या वेळच्या वादात सर्वांत जास्त ओढाताण मुलांची झाली, कारण निर्णय वर्षाच्या मध्यावर झाला. भाषा एकमेकींच्या जागा घेत नाहीत. माझ्याकडे सर्वांत चांगले व्याकरण लिहिणारे विद्यार्थी बहुधा शाळेत संस्कृत घेतलेले असतात. पुण्यात अकरावी-बारावीला ‘गुण मिळतात’ म्हणून जर्मन घेणारी मुले पुष्कळ असतात आणि त्यांतली बरीचशी बारावीनंतर सारे विसरतात. गुण हे कारण टिकत नाही, हे मात्र मी अनुभवाने सांगते. नोकरी हे कारण त्याहून बरे, पण बी-१ च्या सुमारास एक पठार लागते. प्रगती दिसेनाशी होते आणि व्हिसाची तारीखही लांब असते. ते पठार ओलांडणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. कोणाला एखादा गायक आवडतो, कोणी फुटबॉलच्या बातम्या मुळातून वाचतो, कोणी ज्या गावी जायचे आहे तेथील स्थानिक बातम्या रोज ऐकतो. नोकरीच्या जोडीला असे एखादे लहानसे, स्वतःचे कारण असावे लागते.

रानवारा | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

आणखी एक माहिती, कारण पुष्कळ जण ‘फक्त जर्मनीसाठीच ना?’ असे विचारतात. जर्मन ही ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, लिश्टनश्टाइन, लक्झेंबर्ग आणि बेल्जियम या देशांतही अधिकृत भाषा आहे. स्वित्झर्लंडमधली बोली पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला एक शब्द कळला नव्हता, पण लिहिलेले सगळे वाचता आले. पुण्याची मराठी येणाऱ्याला मालवणी जशी सुरुवातीला लागते, साधारण तसे ते होते.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ९.२०

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही तिघांनी मिळून हा संपूर्ण धागा मोठ्याने वाचला. ‘कसंतरीच होतंय’पाशी मुलीच्या आईने वाचन थांबवायला लावले आणि तो भाग पुन्हा वाचून घेतला. त्या मध्यस्थांना आम्ही नकार कळवला आहे.

मुलीने स्वतःहून जे सांगितले ते येथे लिहितो. आतापर्यंत तिला जर्मन म्हणजे व्हिसासाठी भरायच्या एका अर्जासारखी वाटत होती. रुग्ण काय म्हणतो ते त्याच्याच भाषेत कळावे, हे कारण तिला आपले वाटले. परीक्षा झाल्यावर ती वर्षभर साताऱ्याच्या रुग्णालयात नोकरी करील आणि त्या काळात भाषा शिकेल, असे ठरत आहे. आता प्रश्न व्यवहाराचा. आमच्या गावाहून पुण्याचा वर्ग रोज शक्य नाही. सुरुवात घरी कशी करावी? आणि परीक्षा एकदम द्यावी लागते का?

निशिगंध | बुधवार, सकाळी १०.४५

सर, डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर ए-१ पासून बी-१ पर्यंतचा अभ्यासक्रम विनामूल्य आहे. त्यावर रोज एक तास द्यावा. मात्र बोलण्याचा सराव एकटीने होत नाही, म्हणून ए-१ नंतर दूरस्थ का होईना, शिक्षक असलेला वर्ग लावावा. गोएथे संस्थेच्या, म्हणजे आपल्या माक्स म्युलर भवनच्या बी-१ आणि बी-२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात आणि ते स्वतंत्रपणे देता येतात. प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुण लागतात. जो भाग राहील तेवढाच पुन्हा द्यायचा.

आणि सर, तुम्ही मराठीचे शिक्षक आहात. तिने रोज शिकलेला एक नियम तुम्हाला मराठीत समजावून सांगावा आणि तुम्ही त्याच्याशेजारी मराठीतले उदाहरण ठेवावे. दोघांची एक वही करा. अशी वही माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याकडे नाही.

औदुंबर | बुधवार, सकाळी ११.००

वहीतली पाने येथे टाकत राहा, सर. आम्हीही शिकू.

नेकारकाठ | बुधवार, दुपारी २.३०

काका, मला तिच्याशी बोलायला आवडेल. व्यक्तिगत संदेशातून क्रमांक पाठवते. येत्या शनिवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ‘हाल्ब आख्ट’ला फोन करावा. ‘आख्ट’ म्हणजे आठ. किती वाजता ते तिलाच ठरवू द्या.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी २.५०

मी साडेआठ म्हणालो. तिने साडेसात लिहून ठेवले आहे.